चित्रांतला मुलगा आणि वर्गांतला मुलगा

शाळा सुटल्यानंतर दोंडाईच्यांतील पुष्कळ घरांत कानीं पडणारा पहिला आवाज डोरेमॉनचा असतो, हें पालकांस आम्हीं सांगावयास नको. दूरचित्रवाणीवर म्हणा, हातांतील मोबाइलवर म्हणा, जपानी चित्रमालिका आतां खानदेशांतील मुलांच्या नित्याच्या सोबती झाल्या आहेत. घरीं अहिराणी, शाळेंत मराठी आणि या चित्रांपुढें हिंदी, अशा तीन भाषांत आमचीं मुलें वावरत असतात. या मालिका मुलांनीं पहाव्या कीं न पहाव्या, याविषयीं पुष्कळ बोललें गेलें आहे व पुढेंही बोललें जाईल. प्रस्तुत लेखांत आम्ही निराळ्याच एका प्रश्नाचा विचार करूं इच्छितों.

वडील भावंडें धाकट्यांस सांगतात कीं, आमच्या वेळचा डोरेमॉन खरा. हा हल्लींचा कांहीं खरा नव्हे. धाकट्यांचें म्हणणें याच्या अगदीं उलट असतें, आणि मधल्या सुट्टींत यावर चांगलेच तंटे रंगतात. वाद वरवर पाहतां क्षुल्लक आहे. परंतु त्याच्या पोटीं एक मोठा प्रश्न दडलेला आहे. जी गोष्ट वर्षानुवर्षें चालते, तिचें रूप पालटलें तर ती तीच राहते काय? आणि रूप पालटूनही जर ती तीच राहत असेल, तर तिच्यांत न पालटणारें असें काय असतें?

प्रथम हकीकत पाहूं. डोरेमॉन हें पात्र फुजिको एफ. फुजिओ या टोपणनांवानें लिहिणारे चित्रकार हिरोशि फुजिमोतो यांचें. शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेच्या बालमासिकांच्या जानेवारी १९७० च्या अंकांतून तें प्रथम वाचकांपुढें आलें. सन १९७३ मध्यें त्यावर पहिली हालती चित्रमालिका निघाली, ती कांहीं महिन्यांतच बंद पडली. २ एप्रिल १९७९ रोजीं दुसरी सुरू झाली, ती मार्च २००५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ २६ वर्षें चालली. एप्रिल २००५ मध्यें नव्या चित्रकारांची व नव्या आवाजांची तिसरी मालिका आली. याच २००५ सालापासून हंगामा वाहिनीनें डोरेमॉन हिंदींतून आपल्या देशांतील मुलांपुढें आणला. मूळ चित्रकार सन १९९६ मध्यें निवर्तले. परंतु त्यांचें निळें यांत्रिक मांजर त्यांच्या मागें चालतें बोलतें राहिलें.

आतां एवढ्या काळांत चित्रें बदलतात तीं कां? याचीं कारणें मुलांस समजण्याजोगीं आहेत.

पहिलें कारण चित्रकाराचा हात. अगदीं आरंभींच्या कथांतील डोरेमॉन आजच्यापेक्षां थोराड अंगाचा व लहान डोक्याचा दिसतो. वर्षें गेलीं तसतसें डोकें मोठें व वाटोळें झालें, अंग आंखूड झालें. एकच आकृति हजारों वेळां काढली म्हणजे हात आपोआप सोपी वाट धरतो. आपल्या वडिलांची वीस वर्षांपूर्वींची सही आणि आजची सही शेजारीं शेजारीं ठेवून पहा; मुद्दाम कोणीं बदलली नसतांही ती बदललेली आढळेल.

दुसरें कारण अनेकांचे हात. चित्रपटाच्या एका सेकंदास २४ चौकटी लागतात. प्रत्येक चौकटीस नवें चित्र काढणें दूरचित्रवाणीच्या मालिकेस परवडत नाहीं. म्हणून एकच चित्र तीन चौकटी धरून ठेवावयाचें व सेकंदास सुमारें ८ चित्रांत काम भागवावयाचें, अशी काटकसरीची रीति जपानांत आहे. सन १९६३ मध्यें ओसामु तेझुका यांची ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ ही मालिका निघाली, तेव्हांपासून तिकडे या काटकसरीनें मूळ धरलें. इतकें करूनही एका भागास हजारों चित्रें लागतातच, आणि तीं एका माणसाच्या हातून होणें अशक्य आहे. मुख्य चित्रकार प्रत्येक पात्राचा समोरून, बाजूनें व पाठीमागून कसा दिसतो याचा नमुना काढून देतो. त्या नमुन्याबरहुकूम इतर चित्रकार काम करितात. आणि त्यांवर देखरेख करणारा चित्रकारही भागागणिक आळीपाळीनें बदलतो. मग या आठवड्याचा नोबिता किंचित् लांबट तोंडाचा व पुढच्या आठवड्याचा किंचित् वाटोळा दिसला, तर त्यांत नवल तें काय?

तिसरें कारण साधनें. पूर्वीं सेल्युलॉइडच्या पारदर्शक पानांवर रेघा उतरवून मागील बाजूनें रंग भरीत, आणि एकेक पान कॅमेऱ्याखालीं ठेवून त्याचें छायाचित्र घेत. सन २००० च्या आगेंमागें जपानांतील बहुतेक मालिकांनीं हें काम संगणकावर नेलें. ५ ऑक्टोबर १९६९ पासून चालत आलेली ‘साझाए-सान’ ही जगांतील सर्वांत दीर्घकाळ चाललेली चित्रमालिका मानली जाते. तिनें मात्र जुनीं पानें सन २०१३ पर्यंत सोडलीं नाहींत. फिल्मवर उतरलेल्या जुन्या रंगांत एक मऊपणा असे. संगणकाचा रंग स्वच्छ व लखलखीत असतो. वडील भावंडांस जुनीं चित्रें ‘खरीं’ वाटतात तीं पुष्कळ अंशीं या मऊपणामुळें.

चौथें कारण माणसें. जपानांत नोबुयो ओयामा या बाईंनीं १९७९ पासून २००५ पर्यंत डोरेमॉनला आपला आवाज दिला. पुढें तें काम वासाबि मिझुता यांच्याकडे आलें. माणूस थकतो, वृद्ध होतो. पात्र थकत नाहीं. म्हणून एकाच्या हातचें काम दुसऱ्यानें घ्यावें लागतें, आणि घेतांना त्याचा थोडा तरी ठसा त्यावर उमटतोच.

हा प्रकार परदेशांतला व आजकालचाच आहे, असें कोणीं समजूं नये. जळगांवाहून सुमारें ६० किलोमीटरांवर अजिंठ्याचीं लेणीं आहेत. तेथील दहावें लेणें ख्रिस्तपूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकांतील, तर सतरावें वाकाटकांच्या काळचें, म्हणजे इसवी सनाच्या पांचव्या शतकांतील आहे. षड्दंत नांवाच्या सहा सुळ्यांच्या गजराजाची जातककथा या दोन्ही लेण्यांत रंगविलेली आहे. दोहोंमध्यें पांचसहा शतकांचें अंतर. दहाव्या लेण्यांत ती कथा भिंतीवर लांब आडव्या पट्टींत मांडली आहे, आणि माणसांचीं पागोटीं व दागिने सांचीच्या शिल्पांची आठवण देतात. सतराव्या लेण्यांतील चित्रकाराची रेषा अधिक मोकळी आहे, छायेनें अंगास गोलाई आणण्याची कला त्यास साधली आहे, आणि वेषभूषाही निराळी आहे. परंतु आपले सुळे नेण्यास आलेल्या व्याधावर न रागावतां ते स्वतःच त्यास देणारा तो हत्ती दोन्ही ठिकाणीं तोच आहे. रेषा पालटली, रंग पालटले, चित्रकारांच्या कित्येक पिढ्या गेल्या. हत्तीची क्षमा पालटली नाहीं.

हालतीं चित्रेंही आपल्याकडे अगदीं नवीं नव्हत. शेजारच्या नाशिक जिल्ह्यांतील त्र्यंबकेश्वर येथें सन १८७० मध्यें जन्मलेले दादासाहेब फाळके यांनीं सन १९१५ मध्यें ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटांत निर्जीव काड्यांस पडद्यावर नाचावयास लाविलें होतें.

तेव्हां मधल्या सुट्टींतील तंट्यावर आमचा निवाडा असा. दोन्ही डोरेमॉन खरे. आमच्या बाजारांत हिरवी मिरची येते, ती वाळून लाल होते. रंग पालटला म्हणून ती मिरची नव्हे असें कोणी म्हणत नाहीं, कारण तिचा तिखटपणा जिभेस लागलीच ओळखूं येतो. पात्राचा स्वभाव हा त्याचा तिखटपणा होय. तो टिकला तोंवर पात्र टिकलें. ज्या दिवशीं नवे लेखक केवळ गमतीखातर डोरेमॉनला निष्ठुर करतील, त्या दिवशीं त्याचें चित्र जुन्यासारखें हुबेहूब असलें तरी तो खोटा ठरेल.

येथवर वाचून विद्यार्थी आमच्यावर खूष झाले असतील. आतां पुढचें पालकांसाठीं व आम्हां शिक्षकांसाठीं आहे.

दीर्घ मालिकेंत बाह्य रूप बदलतें व स्वभाव कायम राहतो, याचें कारण मालिकेच्या बांधणींत आहे. एखादा भाग चुकलेल्या प्रेक्षकासही पुढचा भाग समजला पाहिजे. म्हणून प्रत्येक भागाच्या शेवटीं सर्व मंडळी होतीं तेथेंच परत येऊन उभीं राहतात. नोबिता पन्नास वर्षांहून अधिक काळ सुमारें दहा वर्षांचाच आहे. तो रडतो, जियानचा मार खातो, परीक्षेंत शून्य मिळवितो, एखाद्या भागांत शहाणा होतो आणि पुढच्या भागांत पुन्हां शून्यावर येतो. आपला चिंटूही असाच. चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांचा हा खोडकर मुलगा सन १९९१ मध्यें ‘सकाळ’ पत्रांत अवतरला. त्या वर्षीं ज्या शाळकरी मुलांनीं त्याच्या खोड्या वाचल्या, तीं आज चाळिशी ओलांडून स्वतः पालक झालीं. चिंटू मात्र शाळकरीच राहिला. सन २०१२ मध्यें त्याच्यावर चित्रपट निघाला, तेव्हां खऱ्याखुऱ्या मुलास चिंटू व्हावें लागलें. चित्रांतला चिंटू तेवढाच राहिला. पडद्यावरचा मुलगा त्यानंतर वाढला असेलच, कारण तो खरा होता.

हाच भेद आम्हीं मोठीं माणसें विसरतों, असें आमचें स्पष्ट मत आहे. गणितांत मागें पडलेल्या मुलास वर्गसोबती ‘नोबिता’ म्हणून हांक मारतात, अंगानें थोराड मुलास ‘जियान’ म्हणतात, आणि घरचीं वडील माणसेंही हंसून तेंच नांव उचलतात. पांचवींत पडलेलें असें नांव दहावीपर्यंत सुटत नाहीं. मुलगा वाढतो, आवाज फुटतो, सदरा आंखूड होतो. आणि आम्ही मात्र त्याच्याकडे मागच्या भागांतील पात्र म्हणून पाहत राहतों. “हा कायमचाच असा,” हें वाक्य प्रगतिपुस्तक घेतांना त्याच्यादेखत उच्चारलें जातें. त्या पुस्तकांतील आंकडा एका परीक्षेचा असतो. वाक्य साऱ्या आयुष्याचें असतें.

शिवाय त्या आंकड्यामागें काय असतें? मिरचीच्या हंगामांत घरच्यांबरोबर देंठ खुडून जो मुलगा रात्रीं पुस्तक उघडतो, त्याच्या शून्यास स्वभाव म्हणणें अन्यायाचें आहे. ज्या मुलीस धाकटीं भावंडें सांभाळून अभ्यास करावा लागतो, तिची उणीव तिच्या बुद्धींत शोधणें चूक आहे. चित्रांतल्या नोबिताचें शून्य लेखकानें कथेसाठीं दिलेलें असतें. वर्गांतल्या मुलाच्या शून्यास कारण असतें, आणि कारण शोधिलें तर पुष्कळदां उपायही सांपडतो.

कोणी म्हणेल, टोपणनांवानें मुलें बिघडत नाहींत. तीं स्वतःच हंसून घेतात. हंसतात हें खरें. परंतु हंसणारें मूल तें नांव स्वीकारूं लागलें आहे कीं केवळ सोशीत आहे, हें बाहेरून ओळखणें कठीण. आणि दोहोंतही त्याचें हित नाहीं. दुसरा कोणी म्हणेल, मग मुलांच्या स्वभावांत कांहींच टिकाऊ नसावें काय? असावें. षड्दंताची क्षमा टिकली तशी मुलाची सत्यनिष्ठा टिको, डोरेमॉनची माया टिकली तशी मित्राविषयींची कळकळ टिको. टिकूं नये तें आम्हीं त्याच्या कपाळीं लाविलेलें शून्य.

मूळ लेखकानेंही नोबितास शून्यावर सोडण्यासाठीं जन्मास घातलें नव्हतें, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. नोबिताचा भविष्यकाळांतील वंशज सेवाशी डोरेमॉनला मागें धाडतो, तो नोबिताचें नशीब पालटावें म्हणूनच. आणि सन २०१४ च्या ‘स्टँड बाय मी डोरेमॉन’ या चित्रपटांत मोठ्या झालेल्या नोबिताचें शिझुकाशीं लग्नही ठरतें. ज्या मुलास जगानें शून्याचें नांव दिलें, त्याचा उद्यांचा दिवस बदलूं शकतो, हीच त्या सर्व कथेची जननी होय. मालिकेनें त्यास दहा वर्षांचा ठेविला तो आपल्या सोयीसाठीं. आम्हांस आपल्या मुलांच्या बाबतींत तशी सोय पाहण्याचें कारण नाहीं.

विद्यार्थीमित्रहो, तुम्हांस आमचें एकच सांगणें. वहीच्या शेवटच्या पानापासून उलट्या बाजूनें रोज एक याप्रमाणें महिनाभर एकाच वस्तूचें चित्र काढा. घरची कंदील-बत्ती, दप्तर, मांजर, काय वाटेल तें. महिनाअखेर पहिलें व तिसावें चित्र शेजारीं ठेवा. डोरेमॉनचें डोकें मोठें कां झालें, हें तुम्हांस कोणीं समजावून द्यावें लागणार नाहीं, आणि आपला हात बदलूं शकतो हेंही पटेल. पालकांस विनंति एवढीच कीं, एके सायंकाळीं मुलाशेजारीं बसून एक भाग पहावा, त्यास चार प्रश्न विचारावे, आणि चित्रांतल्या पात्राचें नांव चित्रांतच राहूं द्यावें. मुलाच्या आईबापांनीं हौसेनें ठेवलेलें एक नांव त्यास आहे. हांक मारावयास तें पुरेसें आहे.