'से' म्हणजे 'स्वतःला' नव्हे

स्पॅनिशच्या प्राथमिक वर्गात एक वाक्य हमखास चुकते. ते माझेही चुकले होते. 'मी हात धुतो' याचे स्पॅनिश करावयाचे होते आणि मी लिहिले, 'लाबो मिस मानोस'. बाईंनी 'मिस', म्हणजे 'माझे', हा शब्द खोडला, त्या जागी 'लास' हे उपपद घातले आणि वाक्याच्या आरंभी 'मे' लिहिला : 'मे लाबो लास मानोस'. हात माझेच आहेत हे मग कळणार कसे, असे मी विचारले. त्यावर बाईंनी शांतपणे विचारले, "तुम्ही घरी काय म्हणता?" घरी मी 'हात धुतो' एवढेच म्हणतो. 'माझे हात धुतो' असे कोणी म्हणालेच, तर एरवी कोणाचे धुता, असे ऐकणारा विचारील. चूक माझ्या मराठीने केलेली नव्हतीच. मराठी आणि स्पॅनिश यांच्यामध्ये इंग्रजी येऊन बसली होती आणि 'माझे' हा शब्द तिचा होता.

प्रसंग लहान आहे, पण त्यातून मला जे म्हणायचे आहे ते तसे लहान नाही. आपल्याकडे स्पॅनिश बहुधा इंग्रजीतून शिकवली जाते. त्यामुळे तिच्या व्याकरणाची नावे आणि स्पष्टीकरणेही इंग्रजीच्या सोयीची असतात. 'रिफ्लेक्सिव्ह' किंवा आत्मवाचक क्रियापद हे त्यांपैकी ठळक उदाहरण. कर्ता जी क्रिया स्वतःवरच करतो ती आत्मवाचक, अशी व्याख्या फळ्यावर येते, खाली तक्ता येतो आणि विषय संपतो. तक्ता बरोबर असतो. व्याख्या मात्र दुसऱ्या-तिसऱ्या क्रियापदापाशीच कोलमडते.

तक्त्यात अवघड काही नाही. नियमित क्रियापदाला त्याचे नेहमीचेच प्रत्यय लागतात. त्याच्या आधी पुरुषवचनानुसार मे, ते, से, नोस, ओस, से यांपैकी एक सर्वनाम येते, एवढाच फरक. 'लाबार्से' (अंग, हात वगैरे धुणे) हे पहिल्या गणाचे क्रियापद : मे लाबो, ते लाबास, से लाबा, नोस लाबामोस, ओस लाबाइस, से लाबान. दुसऱ्या गणाचे 'आत्रेबेर्से' (धजणे) : मे आत्रेबो, ते आत्रेबेस, से आत्रेबे, नोस आत्रेबेमोस, ओस आत्रेबेइस, से आत्रेबेन. तिसऱ्या गणाचे 'आबुर्रिर्से' (कंटाळणे) : मे आबुर्रो, ते आबुर्रेस, से आबुर्रे, नोस आबुर्रिमोस, ओस आबुर्रीस, से आबुर्रेन. लॅटिन अमेरिकेत 'ओस'ची ओळ व्यवहारातून गेलेली आहे; तिथे अनेकवचनी 'तुम्ही'लाही 'से'च चालतो. सर्वनाम चालवलेल्या क्रियापदाच्या आधी येते. मूळ रूपाला आणि होकारार्थी आज्ञार्थाला ते मागून चिकटते. आज्ञार्थात थोडी मोडतोड होते : 'लाबाद' आणि 'ओस' मिळून 'लाबाओस' होते, मधला 'द' गळतो. 'इर्से'च्या (निघून जाणे) आज्ञार्थात व्याकरणाने हा 'द' राखून 'इदोस' हे रूप ठरवले होते, पण स्पेनमधले लोक 'इरोस' म्हणत राहिले. अखेर २०१७ साली स्पॅनिश अकादमीने 'इरोस'लाही मान्यता दिली. लोकांच्या तोंडापुढे अकादमी नमते, हे वाचून आपल्याकडच्या शुद्धलेखनवाद्यांना काय वाटेल कोण जाणे.

आदरार्थी 'उस्तेद'लाही तृतीय पुरुषाचे क्रियापद आणि 'से' लागतो. मराठी विद्यार्थ्याला याचे आश्चर्य वाटू नये. आपल्या 'आपण'मध्ये आदरार्थी तुम्ही, ऐकणाऱ्यासह आम्ही आणि खुद्द 'स्वतः' अशी तीन माणसे एकाच घरात नांदत असतात.

आता व्याख्येकडे वळू. 'मे आबुर्रो' याचा व्याख्येप्रमाणे अर्थ 'मी स्वतःला कंटाळा आणतो' असा होईल. कोणताही स्पॅनिशभाषक असे म्हणत नसतो. तो फक्त कंटाळलेला असतो. 'से लेबान्ता' म्हणजे 'तो स्वतःला उचलतो' नव्हे, 'तो उठतो'. इथे मराठीकडे पाहिले की कोडे सुटते, कारण मराठीत हीच जोडी उलट्या बाजूने बांधलेली आहे. आपल्याकडे 'उठणे' हे मूळ आणि 'व' घालून झालेले 'उठवणे' हे प्रयोजक. स्पॅनिशमध्ये 'लेबान्तार' (उठवणे, उचलणे) हे मूळ आणि 'से' जोडून झालेले 'लेबान्तार्से' म्हणजे उठणे. चिडवणे हे 'एनोहार', चिडणे हे 'एनोहार्से'. मराठी 'व'ने क्रिया दुसऱ्यापर्यंत पोचवते. स्पॅनिश 'से'ने दुसऱ्याला वगळून ती कर्त्यापाशी थांबवते. 'से' बऱ्याच ठिकाणी 'स्वतःला' असे काही सांगत नाही; त्या क्रियेला दुसरे कोणी लागत नाही, एवढेच सांगतो. 'मी स्वतःला उठवतो' असे वाक्य घोकायला लावण्याऐवजी ही उलटी जोडी फळ्यावर मांडली, तर दहा मिनिटांत वर्गाच्या लक्षात येते, असा माझा अनुभव आहे.

याहून नेमके उदाहरण 'कासार' आणि 'कासार्से' यांचे. पाद्री 'कासा', म्हणजे लग्न लावतो. वधूवर 'से कासान', म्हणजे लग्न करतात. संस्कृत शिकलेल्या वाचकाला इथे 'यजति' आणि 'यजते' आठवल्याशिवाय राहणार नाहीत. ऋत्विज दुसऱ्यासाठी यज्ञ करतो तेव्हा यजति. यजमान स्वतःसाठी करतो तेव्हा यजते. क्रियेचे फळ कर्त्याकडे जात असेल तर उभयपदी धातूचे आत्मनेपद करावे, असे पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात सांगितले आहे. आणि जे धातू केवळ आत्मनेपदीच आहेत, जसे भाष्, लभ्, सेव्, त्यांच्याबाबतीत 'भाषते म्हणजे स्वतःला बोलतो का?' असा प्रश्न आपण विचारत नाही. 'आत्रेबेर्से' किंवा 'केहार्से' (तक्रार करणे) ही क्रियापदे 'से'वाचून आढळत नाहीत, तेव्हा त्यांच्याकडेही याच समजुतीने पाहावे. धजणे या अर्थी संस्कृतातला 'उत्सहते' आत्मनेपदीच आहे, हा योगायोग मला मोठा आवडतो. इथे घसरण्याचा धोका आहे हे मान्य करतो. 'से' हा आत्मनेपदाचा वंशज नाही. तो लॅटिनमधल्या सर्वनामापासून आलेला आहे, तर आत्मनेपद प्रत्ययांत वसते. मी नाते सांगत नाही, साम्य दाखवतो आहे. शिकवायला साम्य पुरते.

हे सारे स्पॅनिश व्याकरणकारांना ठाऊक नव्हते असेही नाही. आन्द्रेस बेल्यो या व्हेनेझुएलात जन्मलेल्या पंडिताने १८४७ साली चिलीत आपले व्याकरण प्रसिद्ध केले. जिथे क्रिया कर्त्यावर खरोखरी उलटत नाही, अशा रचनांना त्याने 'जणू आत्मवाचक' या अर्थाचे वेगळे नाव दिले होते. आपल्या वर्गातल्या पुस्तकांपर्यंत मात्र ते 'जणू' पोचले नाही.

मराठीचे खरे सामर्थ्य पुढेच आहे. 'शर्ट शिवून दिला' आणि 'शर्ट शिवून घेतला' यांत फळ कोणाकडे गेले हे आपण 'देणे' आणि 'घेणे' या सहायकांनी सांगतो. 'कोमेर' म्हणजे खाणे, 'कोमेर्से' म्हणजे खाऊन टाकणे. 'इर' म्हणजे जाणे, 'इर्से' म्हणजे निघून जाणे. 'दोर्मिर' म्हणजे झोपणे, 'दोर्मिर्से' म्हणजे झोप लागणे. इंग्रजीतून शिकणाऱ्याला या प्रत्येक जोडीला स्वतंत्र टीप लागते. आपल्याला ती लागू नये. आणि 'से मे कायो एल बासो' याला तर मराठीइतके चपखल प्रतिरूप मिळणे कठीण : 'माझ्या हातून पेला पडला'. पेला पडला, तो माझ्याकडून पडला, पण मी पाडला नाही. दोष आणि निर्दोषता यांच्यामधली ती अरुंद जागा दोन्ही भाषांनी आपापल्या परीने राखली आहे.

प्राथमिक वर्गात हे सारे कशाला, आधी तक्ता पाठ होऊ द्या, असा आक्षेप शिक्षकमित्र घेतात. त्यात तथ्य आहे. मराठीत पुरुषागणिक बदलणारे असे सर्वनाम नाही, त्यामुळे 'मे' आणि 'ते' जिभेवर बसायला सराव हवाच. मराठीची प्रतिरूपेही सरसकट लागू पडत नाहीत. 'घेणे' आले की 'से' घालावा, असा नियम केला तर नव्या चुका जन्माला येतील. पण तक्ता पाठ झाल्यावर तरी कोण परत येतो? साहित्याच्या वर्गात पोचलेला विद्यार्थी 'से' पाहून मनात 'स्वतःला' म्हणतो, तो अर्थ जुळत नाही असे दिसले की तो शब्दच गाळतो, आणि पुढे भाषांतरे करतो.

त्याची किंमत पाहायची तर 'मोरिर' आणि 'मोरिर्से' पाहावे. दोन्हींचा अर्थ मरणे. अपघाताच्या बातमीत, लढाईच्या वर्णनात सहसा 'मोरिर' येते. घरातले कोणी आजारपणाने जाते, ते आपले असते, तेव्हा 'मोरिर्से' ओठांवर येते. पेरूचा कवी सेसार बायेहो १९२३ पासून पॅरिसमध्ये राहिला आणि १९३८ साली तिथेच वारला. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या त्याच्या कवितांपैकी 'पांढऱ्या दगडावरचा काळा दगड' या अर्थाच्या शीर्षकाची कविता जगभर वाचली जाते. तीत तो आपल्याच मृत्यूचे भाकीत करतो आणि आरंभालाच जे क्रियापद वापरतो ते 'मोरिर' नव्हे, 'मोरिर्से' आहे. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द असल्याने तिथे हा भेद सहज पुसला जातो. इंग्रजीवरून मराठी करणाऱ्याच्या हाती मग 'मरेन' एवढेच उरते, आणि आपण काही गमावले याचा त्याला पत्ताही नसतो.

मूळ स्पॅनिशवरून मराठी करणाऱ्यापुढे मात्र बरेच पर्याय असतात. 'मरेन' आहे, 'मरून जाईन' आहे, 'मला मरण येईल' आहे, 'मी जाईन' आहे. 'मरून जाईन'मध्ये किंचित बेफिकिरी आहे, 'मरण येईल'मध्ये मरण बाहेरून चालत येते, आणि बायेहोचा 'मे' तर ते आतच असल्याचे सुचवतो. मी स्वतः 'मरून जाईन'च्या बाजूचा आहे. माझ्या एका सहकाऱ्याला ते फार बोलभाषेतले वाटते आणि 'मला मरण येईल'मध्ये 'मे'मधला 'म' तरी वाचतो, असे त्याचे म्हणणे आहे. आमचा वाद अजून मिटलेला नाही.