हातातले यंत्र आणि लपविलेली पेटी

आमच्या शाळेच्या भ्रमण मंडळापाशी यंदा थोडी रक्कम जमली आहे. मुलांनी घरोघर हिंडून रद्दी गोळा केली, दिवाळीत स्वतः केलेले आकाशकंदील विकले, त्यातून ती उभी राहिली. या पैशांतून उपग्रहांच्या साह्याने स्थान दाखविणारे, म्हणजे जीपीएसचे, हातात धरावयाचे यंत्र घ्यावे असे ठरले. कोणते घ्यावे यावर मात्र एकमत होईना. एक पक्ष म्हणतो, घ्यायचे तर मोठ्या पडद्याचे, रंगीत नकाशांचे, उत्तमांतले उत्तम असे एकच घ्यावे. दुसरा पक्ष म्हणतो, घरोघरी मोबाइल असताना हा खर्चच कशाला? माझे मत या दोहोंहून निराळे आहे, आणि पैसा मुलांनी मिळविलेला असल्यामुळे ते मुलांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडणे मला उचित वाटते.

ज्या खेळासाठी हे यंत्र हवे, त्याला जिओकॅशिंग म्हणतात. कोणी एक घट्ट झाकणाची पेटी कोठे तरी लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करावयाचे, आणि इतरांनी ती शोधून आतल्या वहीत आपले नाव लिहून पुन्हा जशीच्या तशी ठेवून द्यावयाची, एवढाच हा खेळ. त्याचा जन्म मोठा मौजेचा आहे. २००० सालापर्यंत अमेरिकेचे सरकार या उपग्रहांच्या नागरी संकेतांत मुद्दाम चूक मिसळीत असे. त्यामुळे सामान्य माणसास आपले स्थान शंभर मीटरांच्या आसपासच कळे. त्या वर्षीच्या २ मे रोजी ही चूक काढून टाकण्यात आली. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, ऑरेगन राज्यातील बीव्हरक्रीक गावानजीक डेव्ह उल्मर या गृहस्थांनी एक बादली अर्धवट पुरून ठेवली, तीत काही वस्तू आणि नोंदवही ठेवली, व जागेचे आकडे जाहीर केले. ज्याला सापडेल त्याने काही घ्यावे आणि काही ठेवावे, असा नियम होता. थोड्याच दिवसांत ती बादली सापडली. आज जगभर अशा पेट्या तीस लाखांहून अधिक आहेत. आपल्याकडे त्या विरळच; म्हणून आमच्या मंडळाने गावामागच्या सड्यावर स्वतःच चार डब्या लपविल्या आहेत.

माझ्या आईला हे सारे मी कोकणीत समजावून सांगितले. तिने त्या यंत्राचे नाव ‘वाट दाखोवपी’ असे ठेवले आणि लगेच विचारले, “आनी दोळे खंय गेले तुमचे?” तिचा प्रश्न वरवर थट्टेचा होता, पण यंत्राच्या निवडीचे मर्म त्यातच आहे.

पेटीचे स्थान अंश आणि मिनिटांत देतात, व मिनिटाचे तीन दशांश स्थळांपर्यंत आकडे लिहितात. अक्षांशाच्या एका मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे जमिनीवर सुमारे १.८५ मीटर. कागदावर आकडे इतके बारीक असले तरी यंत्र तितके बारीक कधीच सांगत नाही. सुमारे वीस हजार दोनशे किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या किमान चार उपग्रहांचे संकेत पोहोचावयास किती वेळ लागला, यावरून ते आपले ठिकाण काढते. हा वेळ मोजण्यात सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली, तर जमिनीवर तीनशे मीटरांची चूक होते. मोकळ्या सड्यावर साधे यंत्रही आपणास चार-पाच मीटरांच्या आत नेऊन सोडते. परंतु माडा-पोफळींच्या दाट कुळागरात शिरलो की संकेत पानांनी अडतात, कडेच्या दरडीवर आपटून परततात, आणि तेच यंत्र पंधरा-वीस पावले चुकते. महाग यंत्रांत दोन वारंवारतांचे संकेत घेण्याची सोय असते व ती झाडीत अधिक स्थिर राहतात, हे मी नाकारीत नाही. तरीही शेवटची काही पावले महागातले यंत्रही चालून देत नाही. तेथे दगड नैसर्गिक रीतीने पडला आहे की कोणी ठेवला आहे, हे डोळ्यांनीच ओळखावे लागते. अधिक पैसे मोजून आपण जी पावले विकत घेऊ पाहतो, तीच तर या खेळातली खरी गंमत.

आता मोबाइलविषयी. त्यातील ग्रहणयंत्र वाईट नसते, पुष्कळदा चांगलेच असते. मी स्वतः गेल्या जुलैत माझा मोबाइल घेऊन मुलांना सड्यावर नेले होते. पावसाचे थेंब पडद्यावर पडू लागताच त्या यंत्रास प्रत्येक थेंब बोटासारखा वाटू लागला. नकाशा आपोआप सरके, मोठा होई, नाहीसा होई. ओल्या बोटांना तो मुळीच दाद देईना. त्यातच घरून एक फोन आला, आणि दुपारी दोनच्या सुमारास विजेचा साठा संपला. तिसरी डबी सापडली ती सातवीतल्या एका मुलाला, आणि तीही पाय घसरून तिच्या शेजारीच पडल्यामुळे! शिवाय वर्गात मोबाइल आणू नका म्हणून रोज बजावणाऱ्या शिक्षकाने सड्यावर तोच मुलांच्या हाती द्यावा, हे मला बरे वाटत नाही.

म्हणून यंत्र खेळासाठीच केलेले असावे. पण साधे असावे. पडद्यास स्पर्श करावयाचा नसून बटणे दाबावयाची असावीत, म्हणजे ओल्या हातांनी चालते. ते दोन पेन्सिल सेलांवर चालावे. ईट्रेक्स मालिकेतील पुष्कळशी साधी यंत्रे तशी आहेत. सेल संपले तर गावातल्या कोणत्याही दुकानी मिळतात, भरून घ्यावयास विजेची वाट पाहावी लागत नाही. एक मीटर पाण्यात अर्धा तास पडूनही बिघडणार नाही अशी त्याची घडण असावी. आमच्या पावसात याहून कमी चालणार नाही. आत दिशादर्शक असल्यास उत्तम. तो नसलेले यंत्र आपण चालत असतानाच दिशा ओळखते, थांबलो की बाण भरकटू लागतो, आणि मुले पेटीजवळ पोहोचताच नेमकी थांबतात. रंगीत नकाशे मात्र मला नकोत. नकाशा शाळेच्या भिंतीवर आहे, तो वाचून मग सड्यावर जावे. फक्त जुन्या छापील नकाशावरून आकडे उतरविताना सावध राहावे, कारण त्यांची मोजणी निराळ्या आधारावर झालेली असते आणि शे-दोनशे पावलांचा फरक सहज पडतो.

एक गोष्ट पालकांनी कटाक्षाने ध्यानी ठेवावी. काही यंत्रे केवळ संकेत घेतात. काही उपग्रहांमार्फत संदेशही पाठवितात. दिसावयास दोन्ही सारखीच. संदेश पाठविणारे यंत्र परवान्यावाचून बाळगणे आपल्या देशात गुन्हा आहे. २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांवर याच कारणावरून कारवाई झाली. तेव्हा आखातातल्या मामा-काकांकडून यंत्र मागविण्याचा विचार असणाऱ्यांनी ते कोणत्या जातीचे आहे याची आधी खात्री करून घ्यावी.

आणि एकाच मोठ्या यंत्राऐवजी साधी दोन घ्यावीत, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. जुलैतल्या त्या दिवशी बावीस मुले एका मोबाइलच्या मागे चालत होती. ज्याच्या हाती तो होता, तो बाणाकडे पाहत होता. उरलेली एकवीस त्याच्या पाठीकडे पाहत होती. परतताना आठवीतल्या एका मुलीने मला हळूच विचारले, “सर, मी कधी धरू?” मला उत्तर देता आले नाही. आकाशकंदिलांचे कागद तिनेही रात्री जागून चिकटविले होते.

दोन यंत्रे असली की एका तुकडीने पेटी लपवावी आणि दुसरीने शोधावी. लपविणाऱ्यासही यंत्र लागतेच, हे आपण विसरतो. त्याने एकाच जागी निरनिराळ्या वेळी आठ-दहा नोंदी घेऊन त्यांची सरासरी काढावी लागते. एरवी त्याची चूक शोधणाऱ्याच्या माथी बसते. चूक कोणाची, यावर दोन तुकड्यांत वाद होतील. होऊ द्यावेत, सरासरी म्हणजे काय ते मुलांना गणिताच्या तासापेक्षा तेथे लवकर समजेल.

हा अंक आपल्या हाती पडेल तोवर खरेदीचा निर्णय झालेला असेल. कदाचित माझे मत मान्य झाले नसेल, तरी मंडळात जे येईल ते यंत्र मी आनंदाने वापरीन. पण ते हाती धरण्याची पाळी हजेरीपटाच्या क्रमाने लावीन, आणि पहिले नाव कोणाचे असेल ते आठवीच्या वर्गास ठाऊक आहे. सड्यावरची चौथी डबी अद्याप कोणास सापडलेली नाही. तिच्या आकड्यांचा कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे.