दोन घड्याळांचा हिशेब

लेक परदेशी आणि तिचं पहिलंच बाळंतपण! अशा वेळी आईचा जीव तिकीट काढण्याआधीच तिथे पोचलेला असतो. मग तयारीत काहीतरी राहून जातं.

मागल्या डिसेंबरात माझ्या जाऊबाई साताऱ्याहून लंडनला निघाल्या. तिकिटावर लिहिलं होतं, मुंबईहून रात्री २ ला प्रयाण, लंडनला सकाळी ६.३० ला आगमन. "साडेचार तास तर बसायचं! साताऱ्याहून मुंबईलाच याहून जास्त लागतात," असं म्हणून त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या मेतकुटाच्या डब्याशेजारी मोठ्या बॅगेत टाकल्या.

फसगत झाली ती इथेच. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेचार. तेव्हा जाताना हा फरक मिळवायचा. साडेचार आणि साडेपाच, झाले दहा तास! अंतरच मुळी सुमारे ७,२०० किलोमीटरचं. येताना तोच फरक वजा करायचा. रात्री ९.३० ला निघून दुसऱ्या दिवशी ११.४५ ला मुंबई, म्हणजे दिसायला सव्वाचौदा, पण खरे पावणेनऊ तास. येताना वेळ कमी का? उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. येताना ते पाठीशी असतात, जाताना समोरून.

शिवाय घरापासून घरापर्यंतचा हिशेब वेगळाच! दुपारी तीनला घराबाहेर पडलेल्या जाऊबाई लेकीच्या दारात पोचल्या, तेव्हा तिथे सकाळचे साडेनऊ वाजले होते. आपल्याकडे दुपारचे तीन. पुरते चोवीस तास! सकाळची गोळी चुकलेली, डोकं ठणकतंय, पाय सुजलेले. दिवस भरलेल्या लेकीनेच आईला चहा करून दिला. "कामाला आले आणि पाहुणी होऊन बसले गं," हे सांगताना त्यांना आजही वाईट वाटतं.

तेव्हा मैत्रिणींनो, एवढं करा:

• रोजची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीतच ठेवा. दोन दिवसांची जास्त घ्या. प्रवासात कोणती गोळी कधी घ्यायची, हे डॉक्टरांना आधीच विचारा.

• रात्री २ चं विमान १५ तारखेचं असेल, तर विमानतळावर १४ च्या रात्रीच पोचायला हवं. तारीख दोनदा वाचा.

• विमानात पाणी पीत राहा. तास-दीड तासाने उठून चार पावलं टाका.

• पोचल्यावर पहिला दिवस विश्रांतीचा, हे लेकीला आधीच सांगून ठेवा. त्यात संकोच कसला?

आणि निघण्यापूर्वी एका कागदावर दोन्ही गावच्या वेळा शेजारी शेजारी लिहून काढा. घरी राहिलेल्या मंडळींनाही तो उपयोगी पडेल. नाहीतर खुशाली विचारायला सकाळी आठला फोन कराल आणि तिथे असतील रात्रीचे अडीच!