जुना लॅपटॉप निकालात काढण्यापूर्वी

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आठ-दहा वर्षांचा एखादा लॅपटॉप असतोच. कधी तो कपाटात पडून असतो, कधी उन्हाळ्यात भारतातून आलेल्या आई-वडिलांच्या हाती दिलेला असतो. त्यावर विंडोज १० असेल, तर त्याची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. घरगुती ग्राहकांना दिलेली जादा मुदत जाहीर झाली ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट यंत्रेही दारातच अडतात.

लॅपटॉप सुरू होतो आहे ना, मग झाले, असे म्हणून आपण त्याच्यावरच बँकेचे, निवृत्तिवेतन खात्याचे आणि टॅक्सचे काम करीत राहतो. हे मला धोक्याचे वाटते. पण म्हणून लगेच पाच-सहाशे डॉलर मोजून नवा आणायलाच हवा असेही नाही. त्यावर लिनक्स घाला.

१९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सला सुरुवात केली, तेव्हा ते जाणकारांचेच काम होते. आज लिनक्स मिंट घेतले तर खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, सारे ओळखीचे दिसते. किंमत शून्य. मिंटच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार आहेत. दोन जीबी मेमरीवर चालते असे मिंटवाले सांगतात, पण माझ्या मते आठच्या खाली जाऊ नये. ब्राउझरच सगळी मेमरी खातो.

घालण्याची रीत अवघड नाही. आठ जीबीची यूएसबी काडी घ्या, मिंटची फाइल उतरवून एचर नावाच्या मोफत प्रोग्रामने तिच्यावर चढवा आणि लॅपटॉप त्या काडीवरून सुरू करा. थिंकपॅड किंवा डेलच्या लॅपटॉपवर त्यासाठी सुरू करतानाच एफ १२ दाबतात. इथे खरी सोय अशी, की काही न पुसता मिंट वापरून पाहता येते. वाय-फाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर तपासा. (काडीवरून ते जरा संथ चालते, त्यावरून मत बनवू नका.) सारे ठीक असेल तरच इन्स्टॉल करा. फोटो आणि कागदपत्रे आधी दुसरीकडे उतरवून घ्या, कारण नंतर जुनी डिस्क पुसली जाते. त्याच वेळी डिस्क एन्क्रिप्ट करण्याचा पर्याय येतो, तो घ्यावा. लॅपटॉप चोरीला गेला तरी सोशल सिक्युरिटी नंबर असलेली कागदपत्रे कोणाला वाचता येत नाहीत. मात्र तो पासवर्ड विसरलात तर तुम्हालाही येणार नाहीत!

सेकंडहँड घ्यायचा असेल तर कंपन्यांनी काढून टाकलेले थिंकपॅड वा लॅटिट्यूड चांगले. बायोसला जुन्या मालकाचा पासवर्ड नाही ना, हे पैसे देण्यापूर्वी पाहा. डिस्क एसएसडी असावी, आणि बॅटरी बदलण्याचा खर्च मनात धरूनच भाव करा.

आता अडचणी. दुकानातून आणलेला टर्बोटॅक्स प्रोग्राम यावर चालत नाही, ब्राउझरमधला चालतो. वर्ड-एक्सेलच्या जागी लिबरऑफिस येते, ते घरच्या हिशेबाला पुरते. मराठी टंकलेखनाची सोय आहे. पण हायस्कूलमधल्या मुलांसाठी हा एकुलता एक लॅपटॉप नसावा: एसएटी परीक्षेचा ब्लूबुक प्रोग्राम लिनक्सवर चालत नाही. आणि ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ असे सांगणाऱ्या भामट्याच्या फोनपासून लिनक्स वाचवत नाही. तिथे आजी-आजोबांना फोन खाली ठेवायलाच शिकवायला हवे.

अपडेटचे बटण आठवड्यातून एकदा दाबणारे घरात कोणीतरी हवे. कॉलेजातली मुलगी सुट्टीत लॅपटॉप तयार करून गेली आणि नंतर कोणी हात लावला नाही, तर पुन्हा तीच गत. असे कोणी नसेल तर सरळ क्रोमबुक घ्या. फक्त त्या मॉडेलची अपडेटची मुदत कोणत्या वर्षी संपते, ते विकत घेण्याआधी पाहून ठेवा.