पाठांतरापलीकडची परीक्षा

नांदेड आणि लातूर या शहरांनी परीक्षेत यश मिळविण्याचे जणू शास्त्रच सिद्ध केले आहे. ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द महाराष्ट्रभर रूढ झाला आहे. दोन्ही शहरांना धावपट्टीही लाभली आहे. तेव्हा येथील मुलामुलींनी वैमानिक होण्याची आकांक्षा बाळगावी, यात नवल नाही. आम्ही तिचे स्वागतच करतो. मात्र या विद्येत पाठांतराने न जिंकता येणारी एक परीक्षा आहे, तिचे पालकांना स्मरण देणे अगत्याचे वाटते.

विमान ‘स्टॉल’ होणे म्हणजे इंजिन बंद पडणे नव्हे. समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन सुमारे १५ अंशांपलीकडे गेला, की पंख विमानाचा भार पेलीनासा होतो. त्याच वेळी विमान एका अंगाला वळत असेल, तर ते गिरक्या घेत कोसळू लागते, हाच ‘स्पिन’. अशा वेळी मनुष्यस्वभाव दांडा मागे ओढू पाहतो आणि तेथेच घात होतो. इंजिनाची शक्ती कमी करावी, एलेरॉन मध्यावर ठेवावेत, गिरकीविरुद्धचा रडर पूर्ण दाबावा व दांडा पुढे लोटावा. गिरकी थांबताच रडर सरळ करून विमान हळुवार सावरावे, हा सर्वसाधारण उपाय. १९१२ साली इंग्लंडात विल्फ्रेड पार्क हा वैमानिक असा उलट रडर दाबूनच वाचला. उलट, २००९ साली एअर फ्रान्सचे विमान स्टॉल होऊन अटलांटिकमध्ये कोसळले, तेव्हा दांडा बहुतांश काळ मागेच ओढलेला होता. २२८ जीव गेले.

अमेरिकेने १९४९ साली खासगी वैमानिकांच्या अभ्यासक्रमातून स्पिन वगळून तो टाळण्यावर भर दिला. उतरण्यापूर्वीच्या वळणावर स्पिन झाला, तर सावरण्याइतकी उंचीच उरत नाही. म्हणून टाळणे श्रेष्ठ, हे आम्हांस मान्य आहे. परंतु जे कधी अनुभवलेच नाही, त्याची चाहूल लागावी कशी?

म्हणून शुल्कापोटी लाखो रुपये मोजणाऱ्या पालकांनी केवळ उड्डाणाचे तास किती, एवढेच विचारू नये. स्पिनची मुभा असलेल्या विमानात, पुरेशा उंचीवर, जाणत्या प्रशिक्षकासोबत हा धडा प्रत्यक्ष दिला जातो काय, हेही विचारावे. गुण कमी पडले तर परीक्षा पुन्हा देता येते. आकाशात ती सवलत नाही.