लग्नघरची भाषा

परगावच्या लग्नाची पत्रिका आली की घरात पहिला प्रश्न निघतो तो रजेचा आणि दुसरा मुलांच्या शाळेचा. मग तोडही ठरलेली असते: मोठ्यांपैकी एकाने मुहूर्तापुरते जाऊन यावे, मुले घरीच राहावीत. ही तोड सोयीची खरी. परंतु तिचे मोल काय पडते, हे आम्हांला तंजावरच्या एका लग्नात उमगले.

चेन्नईत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या एका मराठी कुटुंबासमवेत आम्ही त्या लग्नास गेलो होतो. रात्री एग्मोर स्थानकावरून निघालेली गाडी कुंभकोणमवरून सकाळी तंजावरास पोचली. मंडपात अंतरपाट होता, मंगलाष्टके होती आणि नागस्वराचे मंगल सूरही होते. वधूची आजी दाराशी बसून येणाऱ्या प्रत्येक मुलाला जवळ घेऊन विचारीत होती, "तू कोणाचा रे?" आमच्याबरोबरच्या आठ वर्षांच्या मुलालाही तिने तेच विचारले. प्रश्न त्याला समजला. पण उत्तराला मराठी शब्द सापडेना. तो तमिळमध्ये काही पुटपुटला. आजीने त्याच्या पाठीवरून हात फिरविला आणि ती पुढे त्याच्याशी तमिळमध्येच बोलू लागली.

घटना लहानशी; परंतु तंजावरची मराठी काही कालपरवाची नव्हे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तेथे भोसल्यांची गादी स्थापिली. ती १८५५ साली संपली. शहाजीराजांच्या (१६८४ ते १७१२) नावावर असलेले 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे मराठीतील अगदी आरंभीच्या नाटकांपैकी एक, आणि त्याचा विषय लग्नाचाच! सरफोजीराजांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या मंदिरात आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. राज्य गेले, तरी जुनी रूपे सांभाळीत व तमिळ शब्द आपलेसे करीत ही बोली घराघरांतून चालत राहिली. मुलांच्या शाळेत तिचे काम पडत नाही, वडिलांच्या कचेरीतही नाही. ती टिकावयाची ती घरी आणि आप्तांत. पांगलेली घरे दोन दिवस एका छपराखाली येतात ती लग्नातच. तेथेही मुले नसतील, तर ही भाषा त्यांच्या कानी पडावी कोठे?

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, मुलांना बरोबर न्या, आणि मुहूर्तापुरते नव्हे, तर आदल्या दिवशीच न्या. तमिळ प्रदेशात आडी व मार्गळी या महिन्यांत लग्ने होत नाहीत. त्यामुळे पुढच्या महिन्यांत मुहूर्तांची आणि प्रवाशांची एकच गर्दी उसळते. रेल्वेचे आरक्षण हल्ली ६० दिवस आधी खुले होते, तेव्हा पत्रिका हाती येताच बेत पक्का करावा. गाडीत मुलांना नाती सांगावीत: आत्या कोण, मावशी कोण, आजोळ कोणते. स्वतःचे, आईवडिलांचे व गावाचे नाव मराठीत सांगता येईल, इतकी तयारी करून घ्यावी. दुपारी मोठी माणसे पानसुपारीत रमली की एखाद्या आजोबांच्या हाती मुलांना सोपवून शिलालेख पाहण्यास धाडावे.

बडोदे, इंदूर, हैदराबाद येथील आमच्या वाचकांच्या घरीही थोड्याफार फरकाने हाच प्रश्न असेल.

त्या लग्नातील मुलाचे पुढे काय झाले, हेही सांगावयास हवे. दोन दिवस तो मामेभावंडांत हुंदडला. निघताना आपण होऊन आजीपाशी गेला आणि आईचे नाव घेऊन म्हणाला, "मी तिचा." आजीने त्याला आजोळचे नावही त्यापुढे जोडावयास सांगितले आणि सारे वाक्य पुन्हा म्हणवून घेतले. मगच त्याच्या हाती नारळ दिला.