आर्क्टिकचा रस्ता रिकामा नाहीये

ती रील तुम्हीही पाहिली असणार. समोर सरळसोट रस्ता, दोन्ही बाजूंना कुत्रंसुद्धा नाही, मागे हळू आवाजात गिटार, आणि स्क्रीनवर अक्षरं येतात, ‘जगाच्या टोकाकडे सेल्फ ड्राइव्ह’. मग एक रेनडिअर रस्ता ओलांडतं आणि रील संपते. मी सेव्ह करून ठेवली होती. मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकलीही होती, ‘नोकरी लागल्यावर इथेच’ असं लिहून.

मग इंटर्नशिपमध्ये सांगितलं गेलं की, ‘ट्रॅव्हलवर काहीतरी कर’. म्हटलं, सोपं आहे. आमच्या कॉलेजचा एक सिनिअर फिनलंडमधल्या ओउलूला मास्टर्स करतोय, तो २०२५ च्या जुलैमध्ये तीन मित्रांसोबत गाडी भाड्याने घेऊन याच रस्त्यांवर फिरून आलाय. त्याच्या व्हॉइस नोट्स मागवल्या, शेजारी नकाशा उघडला आणि तासाभरात लक्षात आलं, की ही ट्रॅव्हलची स्टोरीच नाही. त्या रस्त्यावरचा जवळपास प्रत्येक थांबा गेल्या चार-पाच वर्षांत बातम्यांत येऊन गेलाय. आपण फक्त खिडकीबाहेरचा बर्फ बघतोय.

आधी रूट समजून घ्या. फिनलंडचं रोवानिएमी, तिथून उत्तरेला इनारी, पुढे नॉर्वेमध्ये किर्केनेस, मग पश्चिमेला नॉर्थ केप, आल्टा, नार्विक, तिथून स्वीडनमध्ये किरुना आणि परत रोवानिएमी. साधारण तेवीसशे किलोमीटरचा फेरा, तीन देश. या तिन्ही देशांच्या आपापसातल्या सीमेवर पासपोर्ट बघायला कुणी उभं नसतं. सिनिअर म्हणाला, ‘नॉर्वे कधी आलं ते मोबाइलवर नेटवर्कचा मेसेज आला तेव्हा कळलं.’

तयारीचं थोडक्यात. आरटीओमधून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट घ्या, हजार रुपये फी, वर्षभर चालतं. विशीतल्या ड्रायव्हरकडून गाडी देणारे बहुतेक वेळा जास्तीचे पैसे घेतात, ते बजेटमध्ये धरा. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची. (स्वीडन १९६७ पर्यंत आपल्यासारखंच डावीकडून चालायचं. त्या वर्षी ३ सप्टेंबरच्या पहाटे अख्खा देश एका झटक्यात उजवीकडे गेला!) दारूची मर्यादा आपल्याकडे १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, नॉर्वे-स्वीडनमध्ये २०. म्हणजे गाडी चालवणाऱ्याने एक बिअरही विसरायची.

आता त्या रेनडिअरकडे येऊ. आपल्याला वाटतं, जंगली प्राणी आहे, आला रस्त्यावर. पण या रस्त्यांवर दिसणारं जवळपास प्रत्येक रेनडिअर कुणाच्या तरी मालकीचं असतं. त्याच्या कानावर चाकूने कातरलेली खूण असते, ती बघून कुणाचं जनावर ते कळतं. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये रेनडिअर पाळण्याचा हक्क मुख्यतः सामी या आदिवासी समाजाकडे आहे. फिनलंडमध्ये इतरही पाळतात. सामींचा प्रदेश नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया अशा चार देशांत पसरलाय. सामी माणसाला ‘तुमची रेनडिअर किती?’ असं विचारणं हे ‘तुमच्या खात्यात पैसे किती?’ विचारण्याइतकं उद्धट समजतात. फिनलंडमध्ये दरवर्षी साधारण चार हजार रेनडिअर गाड्यांखाली मरतात. धडक बसली तर ११२ ला फोन करून कळवावं लागतं, कारण त्या जनावराची भरपाई मालकाला मिळायची असते. पुणे-सातारा रस्त्यावर धनगरांची मेंढरं आडवी आली की आपण हॉर्न वाजवत बसतो. तीच मेंढरं रीलमध्ये आली की ‘वाइल्डलाइफ’ होतील का? तर तसंच आहे हे.

सिनिअरची एक व्हॉइस नोट अशी आहे : ‘अर्धा तास थांबलोय. समोर पंचवीस-तीस जण उभे आहेत, हलतच नाहीत. आणि अरे, उकडतंय! टी-शर्ट भिजलाय.’ आर्क्टिक वृत्ताच्या वर, टी-शर्ट भिजलाय. त्या जुलैमध्ये फिनलंडमध्ये सलग २२ दिवस कुठे ना कुठे पारा ३० अंशांच्या वर होता. हवामान बदलामुळे ती लाट साधारण दोन अंशांनी जास्त तापली, असं ‘वर्ल्ड वेदर अ‍ॅट्रिब्युशन’ या शास्त्रज्ञांच्या गटाने नंतर मांडलं. रेनडिअर रस्त्यावर का येतात? तिथे वारा असतो, माश्या-डास कमी चावतात. २०१८ च्या उन्हाळ्यात तर उत्तर नॉर्वेत ती गारव्यासाठी बोगद्यांत शिरून बसली होती आणि ड्रायव्हर मंडळींना सावध राहायला सांगावं लागलं होतं.

खरा घोळ मात्र हिवाळ्यातला आहे. रेनडिअर थंडीत बर्फ उकरून खालचं दगडफूल खातात. हो, आपल्या गोड्या मसाल्यात पडतं त्याच जातकुळीतलं. भुसभुशीत बर्फ खुराने सहज उकरता येतो. पण आता भर हिवाळ्यात मध्येच पाऊस पडतो, तो गोठतो आणि दगडफुलावर काचेसारखा कडक थर बसतो. खाणं चार बोटं खाली दिसतंय, पण तोंड पोचत नाही. मग चारा विकत आणा, नाहीतर जनावरं मरताना बघा. आर्क्टिक बाकी जगाच्या जवळपास चौपट वेगाने तापतोय, हे फिनलंडच्याच हवामान संस्थेतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं.

इनारीच्या थोडं आधी इवालो लागतं. तिथून पूर्वेला मुर्मान्स्ककडे जाणारा फाटा आहे. नकाशावर रस्ता अजूनही ठळक दिसतो, पण तो आता कुठेच जात नाही. फिनलंड आणि रशियाची सीमा साधारण १,३४० किलोमीटर आहे आणि डिसेंबर २०२३ पासून तिच्यावरचे रस्त्याचे सगळे नाके बंद आहेत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फिनलंड नाटोत गेला, मार्च २०२४ मध्ये स्वीडन गेला. नॉर्वे तर १९४९ पासून आहेच. सप्टेंबर २०२४ मध्ये रोवानिएमीच्या दक्षिणेला, रानुआजवळच्या हायवेवर अमेरिकेची एफ-३५ लढाऊ विमानं उतरवण्यात आली. युद्ध झालं तर धावपट्ट्या पहिल्यांदा उडवल्या जातील, म्हणून रस्त्यांवर उतरण्याचा सराव. गर्द झाडी, मध्ये लांब सरळ रस्ता, अगदी रीलमध्ये छान दिसेल असा. काही ठिकाणी तो सरळ असण्यामागचं कारण हे आहे.

किर्केनेसबद्दल मी सगळ्यात जास्त वाचलं. छोटंसं बंदराचं गाव, पण रस्त्यांच्या नावाच्या पाट्या नॉर्वेजियनसोबत रशियन लिपीतही आहेत. ऑक्टोबर १९४४ मध्ये नाझींच्या ताब्यातून हे गाव रशियाच्या लाल सेनेने सोडवलं होतं. २०१२ पासून तर सीमेच्या तीस किलोमीटरच्या पट्ट्यातल्या लोकांना व्हिसाशिवाय ये-जा करता यायची. नॉर्वेतली माणसं पलीकडे पेट्रोल भरायला जायची, रशियातली इकडे डायपर आणि कॉफी घ्यायला यायची. २०१५ मध्ये इथल्या स्टोर्सकोग नाक्यावर विचित्र दृश्य होतं : सुमारे साडेपाच हजार लोक, त्यांत बरेच सीरियाचे निर्वासित, सायकलवरून सीमा ओलांडत होते. कारण नियम असा, की हा नाका पायी ओलांडता येत नाही. मग सायकल! आणि आता? मे २०२४ च्या शेवटी नॉर्वेने रशियन पर्यटकांना हा नाकाही बंद केला. या भागात जीपीएस सिग्नल रशियाकडून जाम होणं इतकं रोजचं झालंय की विमानाच्या पायलटना त्याची सवय झालीय.

आमचा सिनिअर तिथून आणखी पुढे, ग्रेन्से याकोबसेल्वला गेला. रस्ता जिथे संपतो तिथे एक लहानशी नदी आहे, तीच सीमा. पलीकडचा काठ इतका जवळ की क्रिकेटचा बॉल सहज जाईल. पण नदीपलीकडे काहीही फेकणं हा गुन्हा आहे. पलीकडच्या माणसाशी मुद्दाम बोलणं, हात करणं हाही गुन्हा. रशियन सैनिकांचा फोटोही काढायचा नाही. त्याने पाठवलेल्या फोटोत फक्त पाणी आहे आणि दोन खांब, एक पिवळा, एक लाल-हिरवा. खाली त्याने लिहिलंय, ‘बस, एवढंच काढलं.’

नॉर्थ केपबद्दल फार सांगत नाही, तिथल्या लोखंडी पृथ्वीगोलापुढचा सेल्फी तुम्ही पाहिलेलाच आहे. तिथे समुद्राखालून जवळपास सात किलोमीटरच्या बोगद्यातून जावं लागतं, आणि ते युरोपचं उत्तर टोक खरं म्हणजे नाहीच. त्याच बेटावर शेजारी एक जमिनीचा तुकडा आणखी थोडा उत्तरेला आहे. फक्त तिथे गाडी जात नाही, चालावं लागतं. त्यामुळे ‘टोक’ गाडी जाते तिथे ठरलं.

आल्टाला मात्र थांबा. इथल्या खडकांवर हजारो चित्रं कोरलेली आहेत, रेनडिअर, होड्या, शिकारी. जुन्यात जुनी सुमारे सात हजार वर्षांपूर्वीची. १९८५ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. याच आल्टाच्या नदीवर धरण बांधायला सामींनी १९७० च्या दशकाच्या शेवटी कडाडून विरोध केला, उपोषणं केली, रस्ते अडवले. धरण झालंच. पण त्या आंदोलनामुळे सामींचा प्रश्न ऐरणीवर आला आणि १९८९ मध्ये कारासयोकला त्यांची स्वतःची संसद उघडली. सक्तीने नॉर्वेजियन बनवण्याबद्दल देशाच्या संसदेने माफी मागायला मात्र नोव्हेंबर २०२४ उजाडला.

इथे मला कोकणातला कातळसडा आठवला, तुम्हालाही आठवला असेल. सातबाऱ्यावर पोटखराब, बघणाऱ्याला ओसाड. त्याच सड्यांवरची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये त्यातल्याच बारसूच्या सड्यावर रिफायनरीच्या माती परीक्षणावरून गावकरी रस्त्यावर बसले होते. रिफायनरी हवी की नको यावर माझ्या वर्गातच दोन गट आहेत. पण ‘तिथे नाहीतरी काय आहे?’ हे वाक्य दोन्हीकडे सारखंच ऐकू येतं, कोकणातही आणि लॅपलँडमध्येही.

आणि तिकडे ते वाक्य आता पर्यावरणाच्या नावाने म्हटलं जातंय, ही मला सगळ्यात अवघड गोष्ट वाटते. २०२४ मध्ये नॉर्वेत विकल्या गेलेल्या दर दहा नव्या गाड्यांपैकी जवळपास नऊ इलेक्ट्रिक होत्या. ग्रेट ना? पण त्यांना वीज आणि खनिजं लागतात. या रूटच्या बरंच दक्षिणेला फोसेन इथे १५१ पवनचक्क्या सामींच्या हिवाळी कुरणांवर उभ्या केल्या गेल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की परवाने देताना सामींच्या हक्कांचा भंग झाला. पवनचक्क्या तरीही फिरत राहिल्या. पाचशे दिवसांनी सामी तरुण-तरुणी, म्हणजे तुमच्या-माझ्या वयाची मुलं, ओस्लोत मंत्रालयाच्या दारात बसली. ग्रेटा थनबर्ग त्यांच्यासोबत होती. हवामानासाठी शाळा बंद पाडणारी मुलगी पवनचक्क्यांविरुद्ध बसली म्हणून तेव्हा तिची बरीच खिल्ली उडवली गेली. मला वाटतं, ती बरोबर होती. विरोध पवनऊर्जेला नव्हता, न विचारता जमीन घेण्याला होता. पुढे तडजोडी झाल्या, चक्क्या तिथेच आहेत.

याच सगळ्याचं मोठं रूप किरुनामध्ये दिसतं. युरोपियन युनियनमधलं सुमारे ८० टक्के लोहखनिज काढणारी एलकेएबी ही सरकारी कंपनी इथली. खनिजाचा थर तिरका शहराखाली गेलाय, खोदत गेलं की वरची जमीन खचते, म्हणून अख्खं शहर हलवायचं काम वर्षानुवर्षं चालू आहे. सिनिअर गेला तेव्हा १९१२ चं लाकडी चर्च जुन्या जागीच होतं. पुढच्याच महिन्यात, १९ आणि २० ऑगस्टला, ६७२ टनांचं ते चर्च चाकांवर चढवून पाच किलोमीटर नेलं. त्यासाठी नऊ मीटरचा रस्ता चोवीस मीटर रुंद केला. टीव्हीवर लाइव्ह दाखवलं, राजा आला होता. त्यानंतर काही दिवसांतच आणखी सुमारे सहा हजार लोकांना हलावं लागेल, असं जाहीर झालं. ते तेवढं व्हायरल झालं नाही.

चर्चसाठी रस्ता रुंद झाला, पण शेजारच्या गाबना या सामी समूहाच्या वाटेचं काय? किरुनाजवळच पेर गेइएर नावाच्या साठ्यात दुर्मिळ मूलद्रव्यांची दहा लाख टनांहून जास्त ऑक्साइड्स आहेत, असं जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने सांगितलं. इलेक्ट्रिक गाडीच्या मोटरमधले चुंबक यातून बनतात, आणि यासाठी आज युरोप चीनवर अवलंबून आहे. मार्च २०२५ मध्ये युरोपने या खाणीला मोक्याच्या प्रकल्पांच्या यादीत घातलं. गाबनाचे लोक म्हणतात, ही खाण झाली तर रेनडिअर उन्हाळी डोंगरांतून हिवाळी कुरणांकडे नेण्याची वाटच तुटेल. आधीच्या खाणीमुळे ती वाट तशीही अरुंद झालेली आहे.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. मी तर जाणारच आहे, रील अजून सेव्ह आहे. इनारीचं सिइदा म्युझियम चुकवू नका, सामी भागात ड्रोन उडवण्याआधी विचारा. रेनडिअर दिसलं की हॉर्न न वाजवता थांबा, एक गेलं तरी मागे आणखी असतात.

सिनिअरने रोवानिएमीला गाडी परत दिली तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी ओरखडे बघायच्या आधी एकच शब्द विचारला, ‘रेनडिअर?’ तो म्हणाला, नाही. मग त्यांनी सही घेतली आणि किल्ली ड्रॉवरमध्ये टाकली.